हेल्थ अँग्झायटी (आजाराची सततची धास्ती): गोळी सुरू करू की आधी सीबीटी (विचार आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी थेरपी)? मदत हवी आहे

वय ३४, नाशिक. छातीत जरा कळ आली की हार्ट अटॅकच वाटतो. ईसीजी, टूडी इको, टीएमटी, थायरॉइड सगळं नॉर्मल. रिपोर्ट हातात आला की थोडे दिवस बरे जातात, मग पुन्हा मनगटावर बोटं ठेवून नाडी मोजणं सुरू. घरचे म्हणतात, ‘कामात मन रमव.’ रमलं असतं तर विचारलंच नसतं!

सायकियाट्रिस्टनी एस्सिटालोप्राम (चिंता-नैराश्यावरची गोळी) ५ मिग्रॅ लिहून दिलीय. गुण यायला ४ ते ६ आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता वाढू शकते, असं सांगितलं. नेमकी त्याचीच धास्ती. पाकीट अजून ड्रॉवरमध्येच आहे. काउन्सेलरकडेही गेलो, पण तिथे नुसत्या गप्पा आणि ‘पॉझिटिव्ह राहा’. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला (१४४१६) फोन केला, ते नीट बोलले, प्रत्यक्ष भेटून उपचार घ्या म्हणाले.

दुसरं औषध चालू नाही, दारू नाही, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार नाहीत. शिफ्ट ड्यूटी असल्यामुळे ऑनलाइन चालेल, पण मराठीत हवं.

डोस डॉक्टरांनाच विचारेन. ज्यांनी ही गोळी घेतलीय त्यांनी सुरुवातीचे दिवस कसे काढले? आणि थेरपिस्ट खरंच सीबीटी करतो की नुसता धीर देतो, हे पहिल्याच फोनवर ओळखायला काय विचारावं?