तीन जण बसले की बोट प्लेनवर येत नाही: पंखा बदलू की फिन लावू?

शिडाविना
१४ फुटी फायबर बोट, उथळ व्ही तळ, २५ हॉर्सपॉवरचं टिलरवालं (हाताच्या दांड्याने वळवायचं) लाँग शाफ्ट आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन. एकटा असलो की सहज प्लेनवर येते, म्हणजे पाणी कापण्याऐवजी पाण्यावर उचलून धावते, पूर्ण थ्रॉटलला ५२०० आरपीएम. तीन जण आणि भरलेली २५ लिटरची टाकी असली की नाळ (बोटीचं पुढचं टोक) आभाळाकडे, मागची बाजू रुतलेली, आणि ४६०० च्या वर आकडा सरकत नाही. मॅन्युअलमध्ये ५००० ते ६००० दिलंय. पंखा (प्रोपेलर) १३ पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात हिशोबाने १३ इंच पुढे नेणारा. टाकी, बॅटरी आणि चालवणारा, सगळं मागे. इंजिनाचा कल ठरवणारी टिल्टची पिन ट्रान्समकडून (बोटीच्या मागच्या उभ्या फळीकडून) तिसऱ्या भोकात. हायड्रोफॉइल फिन (पंख्यावरच्या प्लेटला बसवायचे आडवे पंख) लावून काम होईल का?

सुकाणू
फिन राहू द्या, आधी वजन हलवा. एवढ्या लांबीची बोट साधारण ५ नॉटच्या पुढे गेली की स्वतःच्याच लाटेवर चढायला लागते. मागे जितकं वजन, तितका तो चढ उभा. इंजिनाची ताकद नाळ उचलण्यातच संपते.

२५ लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास १८-१९ किलो, त्यात बॅटरी आणि टिलर धरून बसलेला माणूस. टाकी आणि बॅटरी मधल्या बाकाखाली किंवा त्याच्याही पुढे न्या आणि पट्ट्याने घट्ट बांधा. पेट्रोलची नळी लांब करताना आतला व्यास तोच ठेवा, कुठे मुडपू देऊ नका. बॅटरीची केबल लांबली तर जाड घ्या, नाहीतर व्होल्टेज पडून स्टार्टर रडतो. टिलरला एक्स्टेंशन दांडा लावला की चालवणाराही फूट-दीड फूट पुढे बसू शकतो. किल स्विचची दोरी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणारी) मात्र तेवढी पुरते का ते बघा.

पिन तिसऱ्या भोकातून पहिल्या किंवा दुसऱ्या भोकात घ्या. इंजिनाचा खालचा भाग ट्रान्समकडे जवळ आला की पंख्याचा रेटा मागची बाजू वर उचलतो आणि नाळ खाली बसते. पहिल्या भोकात नाळ फार खाली जाऊन बोट वळणावर हिसका देऊ लागली, तर दुसरं भोक.

पंखेवाला
पंखा बदलावा लागेलच, पण ४६०० वरून हिशोब करू नका. तो अडकलेल्या बोटीचा आकडा आहे, प्लेनवर आली की तो आपोआप चढेल. एकट्याचा ५२०० धरा. पिच एक इंच कमी केली की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. ११ पिचवर ५५०० ते ५६००, १० वर ५६५० ते ५८००. दोन्ही ६००० च्या आत. बोट बहुतेक वेळा भरलेली असेल तर १० घ्या, नाहीतर ११. एकट्याचा कमाल वेग थोडा उतरेल, ते मान्य करावंच लागतं. पूर्ण थ्रॉटलला ५००० च्या खाली रेटत राहिलात तर इंजिनावर सतत जास्त लोड येतो, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

बदलण्याआधी जुन्या पंख्याची रबर हब (पंखा दांड्यावर धरणारा मधला रबरी भाग) घसरत नाही ना, तेही तपासा. हबच्या आतल्या नळीपासून बाहेरच्या भागापर्यंत मार्करने सरळ रेघ ओढा, पूर्ण थ्रॉटल देऊन या, रेघ तुटलेली दिसली तर हब गेली. पण त्यात आरपीएम वाढतात आणि वेग वाढत नाही. तुमचं लक्षण उलटं आहे, त्यामुळे शक्यता कमी.

तळपाहणी
दोन गोष्टी राहिल्या. इंजिन बंद ठेवून, किल स्विचची दोरी काढून, टिलर पूर्ण पिळा आणि कार्ब्युरेटरची झडप शेवटच्या खुंटीला टेकते का ते पाहा. केबल ढिली असेल तर पूर्ण थ्रॉटल मिळतच नाही आणि दोष पंख्याला जातो. काही इंजिनांत न्यूट्रलमध्ये थ्रॉटल अडवलेलं असतं, म्हणून गिअरमध्ये टाकून बघा.

दुसरं, पंख्यावरच्या आडव्या कॅव्हिटेशन प्लेटची उंची. तळाला सरळ पट्टी लावून ती मागे प्लेटपर्यंत न्या. प्लेट तळाच्या रेषेत किंवा इंचभर वर हवी. दोन इंच खाली असेल तर इंजिनाचा पाय उगाच पाणी ओढतो. इंजिन उचला, पण अर्ध्या-अर्ध्या इंचाने. जास्त उचललं तर वळणावर पंखा हवा ओढतो आणि इंजिन एकदम किंचाळतं. तळावर शेवाळ किंवा कालवं असतील तर खरवडा. बोट जुनी असेल तर रिकामी करून वजनही करा, फरशीखालचा फोम पाणी पितो आणि बाहेरून काहीच दिसत नाही.

शिडाविना
टाकी-बॅटरी पुढे, पिन पहिल्या भोकात. आता तिघांसह प्लेनवर येते, पण वेळ घेते. एकट्याने वेगात नाळ खाली दाबून धावते, सुकाणू जड लागतं. प्लेट दीड इंच खाली निघाली.

सुकाणू
एकटे असताना पिन दुसऱ्या भोकात. त्यावर नाळ वरखाली उड्या मारू लागली तर परत पहिलं भोक किंवा वजन आणखी थोडं पुढे. सुरुवातीला थ्रॉटल झटक्यात न देता दोन-तीन सेकंदांत पूर्ण करा, आणि प्लेनवर येईपर्यंत सगळ्यांनी बसूनच पुढे झुकावं, उभं राहू नये.

पंखेवाला
आधी इंजिन दीड इंच वर, मग पुन्हा आरपीएम मोजा, मग पंखा. एका वेळी एकच बदल. फिनला माझा सरसकट विरोध नाही. मागची बाजू जड असलेल्या बोटीला ती कमी वेगातही प्लेनवर टिकवते. पण बहुतेक फिनसाठी प्लेटला भोकं पाडावी लागतात, आणि प्लेट दीड इंच खाली असताना लावली तर ती पूर्ण वेळ पाण्यात राहून वेग खाईल. ११ चा पंखा लावूनही तिघांसह अडकली, तरच फिन घ्या.