आजारपणातही ते कुठे दिसले? (अनुभव धागा)

बाबांना जाऊन बराच काळ झाला, तरी स्वप्नात येतात ते आजारी बाबाच. पार्किन्सन्समुळे चेहऱ्यावरचे भाव इतके कमी झाले होते, की नवख्या माणसाला ते रागावलेत असंच वाटायचं. ज्यांच्या हसण्यानं घर भरायचं त्यांची एवढीच आठवण उरावी, हे मला मान्य नाही. म्हणून हा धागा. दीर्घ आजारानंतर गेलेल्या तुमच्या माणसाबद्दल लिहा. वडील, नवरा, भाऊ, आजोबा, कोणीही. आजाराबद्दल लिहायला हरकत नाही, पण त्यातही तो माणूस कुठे दिसायचा, ते जरूर सांगा.

सुरुवात मी करते. बाबा इमारतींचे नकाशे काढायचे. त्यांचं देखणं अक्षर बारीक होत होत ओळीच्या शेवटी मुंगीएवढं व्हायला लागलं. मग चालताना दारापाशी पाय जमिनीला खिळायचे. फिजिओथेरपिस्टनं जमिनीवर आडव्या टेप चिकटवायला सांगितलं. ओलांडायला रेघ दिसली, की अडलेलं पाऊल बऱ्याचदा उचललं जातं. भावानं टेप लावल्या. बाबा पहिल्या रेघेपाशी थांबले, खाली बघत राहिले आणि म्हणाले, "समांतर नाहीत." फूटपट्टी घेऊन सगळ्या पुन्हा लावून घेतल्या, मगच चालले. ते होते माझे बाबा!

*

माझ्या दादाला मोटर न्यूरॉन डिसीज होता, म्हणजे स्नायूंना हलवणाऱ्या नसांच्या पेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. डोळ्यांची हालचाल या आजारात सहसा शेवटपर्यंत टिकते, त्यामुळे पारदर्शक फळ्यावर अक्षरं लिहून आम्ही बोलायचो. तो ज्या अक्षराकडे बघेल ते मी मोठ्यानं म्हणायचं, बरोबर असेल तर तो डोळे मिटणार. काना, मात्रा, वेलांट्या वेगळ्या कोपऱ्यात. अर्ध्या शब्दावरून मला पुढचं कळायचं, पण दादा दीर्घ वेलांटी निवडल्याशिवाय नजर हलवायचा नाही. लहानपणी माझ्या शुद्धलेखनाच्या वह्या त्यानंच तपासल्या होत्या.

एकेका वाक्याला किती वेळ लागायचा! आणि तो वेळ तो माझ्या मुलीच्या परीक्षेची चौकशी करण्यात घालवायचा. स्वतःचं काय दुखतंय, ते सगळ्यात शेवटी.

*

ह्यांची मूत्रपिंडं निकामी झाली होती. आठवड्यातून तीनदा डायालिसिस, दर वेळी साधारण चार तास. त्यासाठी हातात फिस्टुला करतात, म्हणजे धमनी शिरेला जोडतात. रक्ताच्या जोरानं शीर मोठी होते आणि सुया घालणं सोपं जातं. त्यावर बोटं ठेवली की थरथर जाणवते. ती थांबली तर लगेच दवाखान्यात या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोज रात्री ती तपासायचं काम माझ्याकडे. मी हात ठेवला की हे विचारायचे, "चालू आहे ना गं?" आणि मी "चालू आहे" म्हटल्यावरच झोपायचे.

पाण्यावर फार बंधन. दिवसभराचं पाणी सकाळीच बाटलीत मोजून घ्यायचे, तहान अगदी असह्य झाली तर बर्फाचा खडा तोंडात धरायचे. नातू त्यांच्यासमोर पाणी प्यायला संकोचायला लागला, तर त्याला शेजारी बसवून म्हणाले, "माझ्या वाटचंही तूच पी."

डायालिसिसला कोणी नवीन, घाबरलेला आला, की हे बाही वर करून सुयांच्या खुणा दाखवायचे. "हे बघा, आणि तरी मी तुमच्याशी गप्पा मारतोय." हे गेल्यावर भेटायला कितीतरी अनोळखी माणसं आली. प्रत्येकाचं एकच सांगणं, आमच्या माणसाला पहिल्या दिवशी ह्यांनी धीर दिला. मला घरी यातलं काहीच बोलले नव्हते.

*

काकू, वाचून थांबले थोडा वेळ. लिहीत राहा.

*

एक सांगू? सासरे गेले तेव्हा मला आधी सुटका वाटली, रडू नंतर आलं. त्यांच्यासाठीही आणि आमच्यासाठीही ती सुटका होती. वर्षानुवर्षं रात्री दर दोन तासांनी कूस बदलून देणाऱ्यांना हे कळेल. माझी त्यांच्यावर माया होती म्हणूनच ते इतकी वर्षं झालं.

*

आजोबांना डिमेन्शिया होता. माझं नाव गेलं, मग बाबांचंही. संध्याकाळ झाली की अस्वस्थपणा वाढायचा, रात्री उठून घरभर फिरायचे, प्रत्येक खोलीचं दार उघडून आत बघायचे. आम्हाला ते भटकणं वाटायचं. आजीनं एकदा सांगितलं, "अरे, आयुष्यभर हेच केलंय त्यांनी. सगळे घरी आलेत का, ते बघितल्याशिवाय कधी पाठ टेकली नाही." त्यानंतर मी उठून म्हणायचो, "आजोबा, सगळे आलेत." कोण बोलतंय हे त्यांना ठाऊक नसायचं, तरी बऱ्याचदा तेवढ्यावर परत जाऊन पडायचे.

*

पप्पांना कॅन्सर होता. मॉर्फिन म्हटल्यावर आम्हाला वाटलं, आता संपलं. पॅलिएटिव्ह केअरच्या, म्हणजे गंभीर आजारातला त्रास कमी करणाऱ्या उपचारांच्या, डॉक्टरांनी नीट समजावलं, की वेदनेच्या मापानं दिलेलं मॉर्फिन माणसाला लवकर नेत नाही. कोणी घाबरून नकार देत असेल तर कृपया आधी डॉक्टरांशी बोला. 1967 मध्ये लंडनमध्ये हॉस्पिस (शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांची काळजी घेणारं केंद्र) सुरू करणाऱ्या डॉक्टर सिसिली सॉन्डर्स यांचं म्हणणं असं, की वेदना नुसती शरीराची नसते, तिच्यात माणसाच्या मनाची घालमेल आणि घरच्यांची काळजीही असते. पप्पांच्या बाबतीत हे तंतोतंत खरं होतं. दुखणं आवाक्यात आल्यावर त्यांनी पहिलं काम काय केलं, तर आईला बँकेचे व्यवहार शिकवायला घेतले. स्वतः काहीच करायचे नाहीत. उशीला टेकून बसायचे, ती चुकली तरी हात लावायचे नाहीत, "पुन्हा बघ" एवढंच म्हणायचे. आई चिडायची, रडायची, पण शिकली. आता घरातले सगळे व्यवहार तीच बघते आणि मला बारीकसारीक हिशेब विचारते.