'कॉम्प्लिमेंटरी' नॅपकिन फुकट गेले: इंग्रजीतील जुळ्या शब्दांची गल्लत कशी टाळावी?

प्रश्न – टॉवेलवाला, अक्कलकोट रस्ता, सोलापूर

नमस्कार. मी येथील एका टॉवेल कारखान्यात परदेशी ग्राहकांचा पत्रव्यवहार सांभाळतो. घरी तेलुगू, शाळेत मराठी आणि पोटापाण्यासाठी इंग्रजी, अशी माझी भाषांची तऱ्हा आहे. एका ग्राहकाने टॉवेलांच्या रंगाला साजेसे नॅपकिन मागितले, म्हणून मी दरपत्रकात 'कॉम्प्लिमेंटरी नॅपकिन' असे लिहिले. मात्र 'एल'नंतर 'ई' हवा होता तेथे 'आय' पडला. त्या स्पेलिंगचा अर्थ 'भेट म्हणून विनामूल्य' असा होतो, आणि ग्राहकाने तोच घेतला. दोनशे नॅपकिन तसेच द्यावे लागले. दोन्ही शब्द कोशात असल्यामुळे संगणकाने खाली लाल रेघसुद्धा ओढली नाही. अशा जोड्यांच्या याद्या मी दोनदा पाठ केल्या, पण पत्र लिहिताना त्या आठवत नाहीत. दुसरा काही उपाय आहे का?

उत्तर – निवृत्त शिक्षिका, बाळीवेस

याद्या बाजूला ठेवा आणि आपली गल्लत कानाची आहे की डोळ्याची, हे आधी पाहा. 'सैल' आणि 'हरवणे' या दोन्ही अर्थांच्या इंग्रजी शब्दांना आपण सरसकट 'लूज' म्हणतो आणि तेथेच फसतो. 'सैल' या अर्थाच्या शब्दात दोन 'ओ' आहेत आणि त्याचा शेवट 'पाऊस'मधल्या 'स'सारखा होतो. 'हरवणे' या अर्थाच्या शब्दात एकच 'ओ' आहे आणि त्याचा शेवट 'माझा'मधल्या 'झ'कडे झुकतो. 'अ‍ॅडव्हाइस' म्हणजे सल्ला आणि 'अ‍ॅडव्हाइझ' म्हणजे सल्ला देणे, हा भेदही असाच आहे. उच्चार सुधारला की स्पेलिंग बहुधा आपोआप सुधारते.

आपल्या नॅपकिनांची गोष्ट मात्र डोळ्याची आहे, कारण ते दोन शब्द इंग्रजांच्या तोंडीही सारखेच ऐकू येतात. येथे शब्दाचे कूळ उपयोगी पडते. 'पूर्णत्व आणणारे' या अर्थाच्या शब्दात 'कम्प्लीट'मधला 'ई' तसाच राहिला आहे. 'स्टेशनरी'चे कूळ तर याहून गमतीचे आहे. मध्ययुगीन युरोपात बरेच विक्रेते गावोगाव फिरत असत, तर विद्यापीठांजवळचे ग्रंथविक्रेते एका जागी ठाण मांडून बसत. त्यावरून त्यांना 'स्टेशनर' म्हणू लागले. म्हणजे 'स्थिर' आणि 'लेखनसाहित्य' हे दोन्ही शब्द मुळात एकाच घरचे आहेत. लेखनसाहित्याच्या शब्दात 'पेपर'च्या शेवटचे 'ई-आर' दिसतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

उत्तर – रंगखाते

आमच्याकडे एकदा 'सूत रंगवणे चालू आहे' असे कळवायचे होते आणि पत्रात 'सूत मरत आहे' असे गेले. 'मेक'चे 'मेकिंग' होताना शेवटचा 'ई' गळतो, त्या सवयीने आम्ही 'डाय'चाही 'ई' गाळला होता. रंगवण्याच्या 'डाइंग'मध्ये तो मुद्दाम राखतात, नाहीतर मरण्याच्या 'डाइंग'पासून ते ओळखू येणार नाही. मालाच्या गाठीला 'बेल' म्हणतात, तेथेही सांभाळा; मध्ये 'आय' घुसला की गाठीचा जामीन होतो.

उत्तर – बँक कर्मचारी

'अफेक्ट' हे क्रियापद आणि 'इफेक्ट' हे नाम, असा नियम पुष्कळ जण सांगतात आणि तो बहुतेक वेळा चालतो. तथापि, व्यापारी पत्रांत 'टू इफेक्ट पेमेंट' असे येते, तेथे 'इफेक्ट' हे क्रियापद असून त्याचा अर्थ 'घडवून आणणे' असा आहे. ते चूक समजून दुरुस्त करू नका. आमच्या शाखेत एकाने ते खोडले होते.

प्रश्नकर्ता – टॉवेलवाला

सर्वांचे आभार. बाईंचा कान-डोळ्याचा भेद पटला. मराठीत 'सूत' म्हणजे धागा आणि 'सुत' म्हणजे मुलगा, हे आम्ही कधी घोकले नव्हते. रोज सुतातच वावरत असल्यामुळे ते डोळ्यांत बसले. नव्या दरपत्रकात मी सरळ 'मॅचिंग नॅपकिन' असे लिहिले असून शेजारी दरही छापला आहे.