२४ फुटी शिडाची बोट, ४८ व्होल्ट मोटर: जुना पंखा (प्रॉपेलर) ठेवू की बदलू?

खाडीकर२४
नमस्कार मंडळी. बोट २४ फुटी, पाण्याच्या रेषेवर २० फूट, सामानासकट २ टन. मुक्काम धरमतर खाडीत, रेवसजवळ. ९ अश्वशक्तीचं डिझेल काढलंय. त्या जागी पर्मनंट मॅग्नेट मोटर, ५ किलोवॅट, ३२०० आरपीएम. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट), १६ सेल, १०० अँपिअर-अवर. पंखा जुनाच: ब्राँझ, दोन पाती, १२ × ८ इंच (व्यास × पिच; पिच म्हणजे न घसरता एका फेरीत पंखा जितका पुढे जाईल ते अंतर). शाफ्टच्या मध्यापासून वर तळापर्यंत ८ इंच मोकळे आहेत. विक्रेता म्हणतो, मोटर थेट शाफ्टला कपल करा, पट्ट्याची भानगड कशाला? मला पटत नाहीये. आणि शिडावर असताना पंखा फिरून बॅटरी चार्ज होईल का?

पट्टा_पुली
पटत नाही ते बरंच आहे. किलोवॅट बाजूला ठेवा, टॉर्क बघा.

वेग (नॉट, म्हणजे ताशी सागरी मैल) = शाफ्टचे आरपीएम × पिच (इंच) × (१ − स्लिप) ÷ १२१५. असल्या जड बोटीला स्लिप, म्हणजे पंखा पाण्यात घसरून वाया जाणारा भाग, ३५ टक्के धरा. ८ पिचला ५ नॉटसाठी साधारण ११७० आरपीएम लागतात. तळ साफ आणि पाणी शांत असेल तर त्या वेगाला २.८ किलोवॅटच्या आसपास ताकद धरू. टॉर्क = ९५५० × किलोवॅट ÷ आरपीएम, म्हणजे शाफ्टवर २३ न्यूटन-मीटर. तुमच्या मोटरचा सततचा टॉर्क त्याच सूत्राने १५. थेट जोडली तर दीडपट करंट आणि वाइंडिंगमध्ये दुपटीहून जास्त उष्णता, कारण उष्णता करंटच्या वर्गाने वाढते. मोटर अर्ध्या किलोवॅटनेही ओव्हरलोड दिसत नाही, उलट २.८ वरच चाललेली दिसते, म्हणून विक्रेत्याला त्यात काही वावगं वाटत नाही. थर्मल कट मात्र पडतो, म्हणजे तापून मोटर आपोआप बंद होते.

३:१ रिडक्शन घ्या (मोटरच्या तीन फेऱ्यांना शाफ्टची एक), पंखा १३ × १०. शाफ्टला कमाल १०६५ आरपीएम, वेग ५.७ नॉट. तुमच्या लांबीला हल स्पीडच (पाण्यावरच्या लांबीने ठरणारी वेगाची मर्यादा) ६ नॉट, त्यामुळे याहून जास्तीचा हट्ट नको. १३ इंची पंख्याला वर दीड इंच जागा उरते, व्यासाच्या ११ टक्के. १० टक्क्यांच्या खाली गेलात तर पातं तळाजवळून जाताना दर वेळी धडधड ऐकू येईल.

सुकती_भरती
पंखा इतक्यात बदलू नका. जुन्यालाच २.५:१ लावा: शाफ्टला १२८० आरपीएम, साडेपाच नॉट निघतात, आणि ५ नॉटला मोटरवर फक्त ९ न्यूटन-मीटर येतो. ८एम (दात्यांमधलं अंतर ८ मिमी) ३० मिमी रुंद टायमिंग बेल्ट, पुल्या २४ आणि ६० दात्यांच्या. मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा कार्यक्षम असतो हे मान्य, पण पुली बदलणं ब्राँझ बदलण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

मग चाचणी. भरती-ओहोटीच्या प्रवाहात एकाच दिशेने घेतलेला जीपीएसचा वेग फसवा. जाऊन-येऊन दोन्ही आकडे घ्या, सरासरी काढा. पूर्ण थ्रॉटलला आरपीएम कमाल आणि करंट कमी असेल तर पिच कमी पडतोय. करंट मर्यादेला टेकला आणि आरपीएम चढतच नाहीत, तर पिच जास्त आहे किंवा पात्यांवर बार्नेकल (चिकटून बसणारे शंखासारखे जीव) बसलेत. आधी खरवडा, मग दुकानात जा.

खाडीकर२४
२.५:१ पासून सुरू करतो. डिझेलचा गिअरबॉक्स गेला, मग पंख्याचा धक्का (थ्रस्ट, बोट ढकलणारा जोर) कोण घेणार?

पट्टा_पुली
हेच बहुतेक जण विसरतात. तो धक्का आधी गिअरबॉक्सच घेत होता. मोटरच्या किंवा पुलीच्या बेअरिंगवर तो येऊ देऊ नका. शाफ्टवर वेगळं थ्रस्ट बेअरिंग, इंजिनाच्या जुन्या बेडवर पक्कं बोल्ट केलेलं. पुढे आणि मागे, दोन्ही बाजूंचा जोर घेणारं हवं. एकाच बाजूचं घेतलंत तर रिव्हर्सला शाफ्ट मागे सरकतो आणि पट्टा पुलीच्या कडेवर चढतो.

काळा_लाल_वायर
चार्जिंगचा नाद सोडा. ५ नॉटला १२ इंची पंख्यातून १०० वॅट निघाले तरी पुष्कळ, आणि त्यासाठी बोटीचा वेग घालवायचा. शिवाय बॅटरी भरलेली असताना बीएमएसने (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटने) जोडणी तोडली तर व्होल्टेज उसळून कंट्रोलर जातो. रीजेन (पंख्याने होणारं हे चार्जिंग) बंदच ठेवा. शिडावर असताना पंख्याची दोन्ही पाती उभी ठेवा, म्हणजे पंखा स्केगच्या (तळाखालच्या, पंख्यापुढच्या उभ्या भागाच्या) आड लपतो. पाती उभी असताना शाफ्टवर वरच्या बाजूला रंगाची रेघ मारून ठेवा, आतूनच कळेल.

फ्यूज क्लास टी प्रकारचा, बॅटरीच्या अगदी जवळ. एएनएल प्रकारचा फ्यूज सहसा ३२ व्होल्टपर्यंतचा असतो, इथे चालणार नाही. केबल टिन केलेली, किमान ३५ चौ. मिमी. काँटॅक्टरला (मुख्य रिले-स्विचला) प्रीचार्ज रेझिस्टर नसेल तर कंट्रोलरचे कपॅसिटर एकदम भरताना संपर्क चिकटतात, मग बंद करायचं म्हटलं तरी बंद होत नाही. ४८ व्होल्टचा निगेटिव्ह शाफ्टपासून वेगळा ठेवा, नाहीतर झिंक (बाकीच्या धातूऐवजी झिजण्यासाठी लावलेला जस्ताचा तुकडा) भराभर झिजेल.

सुकती_भरती
रेवसला असाल तर एक हिशेब जोडून ठेवा. बॅटरीतले ८० टक्के म्हणजे ४.१ युनिट: ५ नॉटला दीड तास, ४ नॉटला पावणेतीन. समोरून २ नॉटची ओहोटी असेल तर ५ ने साडेचार सागरी मैलही कापून होत नाहीत, ४ ने साडेपाच होतात. प्रवाह ३ नॉटवर गेला की मात्र ४ नॉटचा फायदा संपतो, ५ नॉटच बरे पडतात. उधाणाच्या दिवशी तर नांगर टाकून सुकती ओसरायची वाट बघणं सगळ्यात स्वस्त.