मदत हवी आहे: भाचीच्या मेंदूतली गाठ, 'बीरॅफ' रिपोर्ट आणि टार्गेटेड गोळी

नमस्कार मंडळी. यावल तालुक्यातून लिहितोय. भाची सहा वर्षांची. केळीच्या बागेत ठिबकच्या नळीला अडखळून पडायची, आम्ही म्हणायचो धांदरट आहे. मग टीव्हीसमोर मान वाकडी करून बसायला लागली. आजीने मीठ-मोहऱ्या उतरवल्या. जळगावला एमआरआय केला तेव्हा कळलं, डोळ्यांच्या नसांवर गाठ आहे. मुंबईला बायोप्सी झाली: पायलोसायटिक ॲस्ट्रोसायटोमा, ग्रेड १, म्हणजे हळू वाढणारी गाठ. जागा अशी की पूर्ण काढता येत नाही, आणि वय लहान म्हणून शेक (रेडिएशन) टाळायचा म्हणाले. कार्बोप्लॅटिन-व्हिन्क्रिस्टिन ही केमो चालू होती, तरी परवाच्या एमआरआयमध्ये गाठ थोडी वाढलेली दिसली.

आता नात्यातल्या एकाने व्हॉट्सॲपवर पाठवलंय की डॅब्राफेनिब गोळी अशा गाठीवर चालते. इथल्या एका डॉक्टरांनी तर रिपोर्ट न बघताच 'करू चालू' म्हटलं. आमच्या रिपोर्टवर आहे: 'केआयएए१५४९-बीरॅफ फ्युजन पॉझिटिव्ह, व्ही६००ई निगेटिव्ह'. बीरॅफ लिहिलंय ना, मग आणू गोळी, असं दाजींचं म्हणणं. माझं मन धजत नाही. रविवारी रात्री भुसावळहून गाडी, सोमवारी ओपीडी. डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

उत्तर १ (धुळे)

भाऊ, धजत नाही तेच बरं. बीरॅफ हे जनुक एकच, पण त्यातले बिघाड दोन वेगळे: फ्युजन म्हणजे ते दुसऱ्या जनुकाला जोडलं जाणं, व्ही६००ई म्हणजे त्यातल्या एकाच जागी झालेला बदल. माझ्या मुलाला व्ही६००ई होता, म्हणून त्याला डॅब्राफेनिब आणि ट्रामेटिनिब अशी जोडी मिळाली. अमेरिकेत मार्च २०२३ मध्ये मंजुरी मिळाली ती या जोडीला आणि याच बिघाडाला. ११० मुलांच्या चाचणीत जोडीवर ४७ टक्के मुलांच्या गाठी आक्रसल्या, केमोवर ११ टक्के. फ्युजनमध्ये मात्र एकटी डॅब्राफेनिब दिली तर गाठ उलट चेवण्याची भीती असते. तुमच्यासाठी विचारायचं ते ट्रामेटिनिबसारख्या, पेशीला वाढायला सांगणाऱ्या साखळीतली बीरॅफच्या पुढची कडी अडवणाऱ्या औषधाबद्दल. दुसरं टोव्होराफेनिब, ते फ्युजनसाठीही आहे. केमोला न दबलेल्या गाठींसाठी तिकडे एप्रिल २०२४ मध्ये मंजूर झालं. आपल्याकडे कसं मिळेल तेही विचारा.

आणि नजर तपासून घेतली का? अशा गाठीत एमआरआयवरच्या मिलिमीटरइतकीच नजरही मोजतात.

गोळीचा त्रास नसतो असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. पहिल्याच महिन्यात पोराला रात्री १०३ ताप, आम्ही डेंग्यू समजून पळालो. नखांच्या कडा पिकायच्या, बूट घालू देईना. ट्रामेटिनिबआधी हृदयाची इको (सोनोग्राफी) आणि डोळ्यांची तपासणी होते, मध्येमध्येही होते.

उत्तर २

बायोप्सीचा पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला गाठीचा तुकडा) आणि स्लाइड सोबत ठेवा. आमचा ब्लॉक एका लॅबने तीन आठवडे अडकवून ठेवला होता. गोळी किती वर्षं आणि बंद केल्यावर गाठ परत उसळली तर काय, हे आधीच विचारा. खर्चाचं मात्र ओपीडीत नाही, हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा. जन आरोग्य योजनेत काय बसतं आणि ट्रस्टचे अर्ज कुठे करायचे ते तिथे सांगतात. रेशनकार्ड विसरू नका.

धागाकर्ता

दोघांचे आभार. नजर शेवटची दिवाळीआधी तपासली होती, म्हणजे तीही परत करायची आहे. ब्लॉक इथल्याच लॅबमध्ये आहे, उद्या सकाळी पावती घेऊन जातो. दाजींना फोनवर सगळं वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, 'मेडिकलवाल्याला नको म्हणून सांगतो.'