किराण्यासाठी रोज कोण कोण बाहेर पडतंय?

(सोसायटीच्या ग्रुपवरची चर्चा, कोरोनाच्या लॉकडाउनमधला एप्रिल २०२० चा शेवटचा आठवडा)

सेक्रेटरी: नमस्कार मंडळी. गेटवरची वही चाळत बसलोय. बाहेर जाण्याचं कारण या रकान्यात जवळजवळ प्रत्येक ओळीत किराणा लिहिलंय. काही घरांतून सकाळी एक जण जातो आणि संध्याकाळी दुसरा. कोणाचं नाव घेत नाही, पण आज यावर बोलून काहीतरी ठरवूया.

ए-१०१: सर, मी रोज जातो. लपवण्यासारखं काही नाही. मास्क लावून जातो, ठरलेल्या वेळेतच जातो. घरात लहान मूल आहे, दूध आणि ताजी भाजी लागतेच. आठवड्याचं एकदम आणावं म्हटलं तर दुकानात एका माणसाला मोजकंच देतात.

बी-१०२ काका: देतील कुठून, माल राहिलाय कुठे? हा फोटो बघा, आत्ताच भावाने पाठवला. फळ्यांवर एक पाकीट नाही. मी तर म्हणतो जिथे जे मिळेल ते भरून ठेवा. पुढच्या महिन्याचं कोणी सांगावं?

ए-५०२: काका, हाच फोटो मला आणखी दोन ग्रुपवर आलाय, दोन्हीकडे गावाचं नाव वेगळं. कुठला आहे हे कळल्याशिवाय पुढे नका पाठवू. तो बघूनच माणसं पिशव्या घेऊन निघतात.

बी-३०४: मी माल वितरणाच्या कामात आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. दुकानामागे महिनाभराचा साठा ठेवलेला नसतो. मागच्या काही दिवसांत किती खप झाला त्या हिशोबाने गाडी येते. प्रत्येक गिऱ्हाइकाने नेहमीपेक्षा एकेक पाकीट जास्त उचललं तरी दुपारपर्यंत फळी मोकळी होते. तोवर माल गोदामात असतो, गिरणीत असतो, वाटेत असतो. फोटोत दिसते ती फक्त फळी.

ब्रिटनमध्ये मार्च महिन्यात दुकानांतून पीठ गायब झालं. गहू होता, गिरण्या रात्रंदिवस चालू होत्या. पण तिथलं जेमतेम ४ टक्के पीठ छोट्या पिशव्यांतून दुकानात विकलं जातं, बाकीचं गोण्यांतून आणि टँकरमधून बेकऱ्यांकडे, कारखान्यांकडे जातं. सगळी माणसं घरी बसली आणि सगळ्यांना छोटी पिशवी हवी झाली. ती भरणारी यंत्रं होती तेवढीच होती. अडलं ते तिथे.

देशांचंही असंच होतं. अन्न व कृषी संघटना, जागतिक आरोग्य संघटना आणि जागतिक व्यापार संघटना या तिघींच्या प्रमुखांनी मार्चअखेरीस मिळून निवेदन काढलं. धान्य मिळेल की नाही या धास्तीने एकेका देशाने निर्यात रोखली, तर त्या रोखण्यामुळेच जगाच्या बाजारात टंचाई होईल, असं त्यात म्हटलंय.

बी-१०२ काका: अहो पण गाडी येईपर्यंत माझ्या घरातल्यांनी काय करायचं?

बी-३०४: काका, पंधरा दिवसांचं घरात असू द्या. ती काळजी झाली. चार महिन्यांचं भरलंत तर ज्याच्या हातात आज फक्त आजच्यापुरते पैसे आहेत तो मोकळ्या हाताने परत जातो. त्याला आधी भरून ठेवायची सोयच नसते.

ए-३०३ ताई: याच्याशी मी पूर्ण सहमत. आणि लांब कशाला जायचं? गेटवरच्या दादांना मी काल विचारलं, तुम्ही सामान कधी आणता? बारा तासांची ड्युटी. ते सुटतात तेव्हा दुकानं बंद झालेली असतात, आणि ड्युटीवर यायच्या आधी रांग इतकी असते की नंबर लागेपर्यंत इकडे उशीर होतो. आपण दिवसातून दोनदा त्यांच्यासमोरून पिशव्या भरून आणतो आणि त्यांची बायको शेजाऱ्यांकडून पीठ मागून आणते. आपण जे काही ठरवू त्यात त्यांच्या घरची यादी पहिली असली पाहिजे. मला हे फार मनापासून वाटतं.

सेक्रेटरी: ताई, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. लिहून घेतलं. दोन्ही पाळ्यांच्या दादांची यादी येईल.

ए-२०१ काकू: मला एक विचारायचं होतं. मी आलेली प्रत्येक पिशवी तीन दिवस गॅलरीत ठेवते आणि भाजी साबणाने धुते. आता एक मेसेज आलाय की ब्लीचच्या पाण्यात व्हिनेगर घालून त्यात भाजी बुडवून ठेवायची. करू का? ब्लीच आहे घरात.

बी-४०३ डॉक्टर ताई: काकू, अजिबात नको!! दोन्ही बाटल्या आधी वेगळ्या ठेवा. ब्लीचमध्ये आम्ल गेलं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगर हे आम्लच.

हे घडलेलं आहे. अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, २० एप्रिलला एक अहवाल दिलाय. बाजारातून आणलेलं सगळं धुवायचं असं बातम्यांत ऐकून एका बाईंनी सिंकमध्ये ब्लीच, व्हिनेगर आणि गरम पाणी एकत्र केलं आणि भाजी-फळं त्यात भिजत घातली. स्वयंपाकघरात उग्र वास भरला, त्यांना खोकला सुरू झाला, श्वास लागला, ॲम्ब्युलन्स बोलवावी लागली. ऑक्सिजन आणि औषध दिल्यावर त्या बऱ्या होऊन घरी गेल्या. त्याच अहवालात आहे की जानेवारी ते मार्चमध्ये तिथल्या विषबाधा केंद्रांकडे स्वच्छतेच्या आणि जंतुनाशक रसायनांबद्दल आलेले फोन गेल्या वर्षीपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी वाढले.

भाजीला साबणही नको. त्याचा अंश पोटात गेला तर मळमळ होते, जुलाब होतात. वाहत्या साध्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा, पुरे.

ए-२०१ काकू: बरं झालं विचारलं. ब्लीच बाथरूममध्ये नेऊन ठेवलं. आणि ते तीन दिवसांचं?

बी-४०३ डॉक्टर ताई: ते ७२ तास आले कुठून तेही सांगते, कारण त्या आकड्याने घराघरात झोप उडवलीय. १७ मार्चला न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात एक प्रयोग छापून आला. प्लास्टिकवर विषाणू ७२ तासांपर्यंत सापडला, पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत, तांब्यावर ४ तासांपर्यंत. पण तो प्रयोगशाळेत मुद्दाम भरपूर विषाणू टाकून केलेला प्रयोग होता. आणि त्याच प्रयोगात दिसलं की प्लास्टिकवर साधारण सात तासांत तो निम्मा होतो, पुढच्या सात तासांत त्याच्याही निम्मा. ७२ तासांनी सापडला तो अगदी उरलासुरला. ही दुसरी गोष्ट मेसेजमधून कोणी पाठवत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने ७ एप्रिलच्या सूचनांमध्ये स्पष्ट लिहिलंय की अन्नातून किंवा अन्नाच्या वेष्टनातून हा आजार होण्याची शक्यता फारच कमी आहे. पिशवी रिकामी करा, सामान डब्यात भरा, मग साबणाने २० सेकंद हात धुवा. हात धुवायच्या आधी तोंडाला, डोळ्याला लावू नका. गॅलरीत तीन दिवस ठेवून दूध नासवू नका.

माझी काळजी वेगळीच आहे. पिशवी पुसण्यात आपण तासभर घालवतो आणि ती पिशवी आणायला रांगेत दहा माणसांच्या मध्ये उभे राहतो. हा आजार मुख्यतः माणसाच्या तोंडातून-नाकातून उडणाऱ्या थेंबांनी पसरतो, आणि लक्षणं दिसायच्या आधीही माणूस तो पसरवू शकतो. दुकानाच्या दारात पुढच्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहणं, काउंटरवर मास्क हनुवटीवर ओढून बोलणं, धोका तिथे आहे. पाकिटापेक्षा फेरीला घाबरा. आपली ४० घरं. प्रत्येकातून आठवड्यात तीनदा कोणी गेलं की १२० फेऱ्या झाल्या. एका मजल्यावरच्या चार घरांसाठी आठवड्यातून एकदा एकच माणूस गेला तर १०. मग १२० कशासाठी?

ए-५०२: मी जायला तयार आहे. घरात वयस्कर कोणी नाही, मलाही काही त्रास नाही.

बी-१०२ काका: चार घरांचं सामान एकट्याला उचलणार आहे का? आणि दुकानदार एकाला मोजकंच देतो हे वर लिहिलंयच.

बी-३०४: म्हणून जड सामान त्यातून काढूया. धान्य, पीठ, तेल, साखर, मीठ, साबण यांची सगळ्या सोसायटीची मिळून एक ऑर्डर, पंधरा दिवसांनी एकदा, घाऊक व्यापाऱ्याकडे. चाळीस घरांची ऑर्डर असेल तर तो गाडी पाठवतो, चाळीस माणसं दारात उभी राहण्यापेक्षा त्यालाही ते सोयीचं. मर्यादेचं काय ते आधीच बोलून घेतो. मजल्याच्या माणसाने फक्त दूध, भाजी, औषधं आणायची.

बी-४०३ डॉक्टर ताई: चीनमधल्या वुहान शहरात हेच झालं. २३ जानेवारीला शहर बंद झालं ते ८ एप्रिलला उघडलं. फेब्रुवारीत तर निवासी संकुलांची दारंही बंद केली, माणसांना दुकानापर्यंत जाताच येईना. मग एकेका संकुलातल्या लोकांनी मोबाइलच्या ग्रुपवर याद्या जमवून एकत्र खरेदी सुरू केली आणि स्वयंसेवकांनी गेटवरून घरोघरी वाटप केलं. आपल्यासारखाच ग्रुप, आपल्यासारखीच माणसं.

तिथे दोन अडचणी आल्या, त्या आपण आधीच बघून ठेवू. पुष्कळदा ठरलेला गठ्ठाच घ्यावा लागायचा, घरात काय हवंय ते बाजूलाच. आणि ज्या म्हाताऱ्या माणसांना स्मार्टफोन जमत नव्हता ती मागे पडली.

ए-२०१ काकू: मला ग्रुपवर लिहिता येतं, पण शेजारच्या आजींकडे साधा फोन आहे. त्यांची यादी मी फोनवर विचारून लिहून देईन. त्यांना कमी ऐकू येतं, पण माझा आवाज त्यांना कळतो.

ए-३०३ ताई: यादीत एक रकाना जास्त ठेवा: हे नसेल तर काय आणायचं. नाहीतर दुकानात उभं राहून चार घरांना फोन करत बसावं लागेल आणि तेवढा वेळ मागची रांग थांबेल.

अजून एक, जरा नाजूक. कोणाच्या घरी काय येतं आणि किती येतं हे सगळ्या ग्रुपला दिसायला नको. दोन-तीन घरांत पगार थांबलेत, मला माहीत आहे. ती माणसं यादीच देणार नाहीत, आणि कुठून तरी उसनं आणून भागवतील.

सेक्रेटरी: याद्या ग्रुपवर टाकायच्या नाहीत. ए विंगच्या काकूंकडे, बी विंगच्या डॉक्टर ताईंकडे. बिलाचा फोटो ज्याच्या त्याला वेगळा जाईल. ज्यांना आत्ता देणं शक्य नाही त्यांनी मला एकट्याला फोन करावा. घाऊक ऑर्डरचे पैसे तूर्त मी आणि चेअरमन भरतो, हिशोब मागाहून. कमिटीतसुद्धा कोणाचं नाव निघणार नाही, हा माझा शब्द.

बी-१०२ काका: मग त्यात माझेही थोडे पैसे धरा. आणि तो फोटो मी काढून टाकलाय.

ए-१०१: हे सगळं पटतंय. पण मोकळेपणाने एक सांगतो. दोन खोल्यांत पाच माणसं आहोत. दिवसभर फोनवर काम, मुलाचं रडणं. दुकानापर्यंतच्या त्या अर्ध्या तासाने माझं डोकं ठिकाणावर राहतं. ते बंद झालं तर मी काय करू ते मला खरंच कळत नाही.

बी-४०३ डॉक्टर ताई: दादा, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. ही गरज खरी आहे, ती किराण्याच्या नावाखाली भागवायची वेळ तुमच्यावर येऊ नये. गच्चीला कुलूप आहे ते उघडूया. एका वेळी एकच घर, अर्धा तास, वेळा वाटून. मोकळ्या हवेत दुसरं कोणी जवळ नसताना फिरायला माझी काहीच हरकत नाही.

सेक्रेटरी: गच्चीची किल्ली आज संध्याकाळी गेटवर ठेवतो. सकाळी ६ ते ८ ज्येष्ठांसाठी, त्यानंतरच्या वेळा मजल्यांप्रमाणे. ए-१०१, तुमची वेळ तुम्ही आधी निवडा.

ए-१०१: रात्री ९. मूल झोपतं तेव्हा. आभारी आहे.

ए-५०२: मजल्यांवरच्या फेऱ्यांसाठी नावं द्या. घरात वयस्कर माणसं असतील, मधुमेह किंवा दमा असेल तर कृपया नाव देऊ नका, त्या मजल्याचं आम्ही बघू. लिफ्टमध्ये सामान आणि एकच माणूस. पिशवी दाराबाहेर ठेवून बेल वाजवणार आणि दोन पायऱ्या खाली जाऊन थांबणार, मग दार उघडा. पिशवीवर फ्लॅट नंबर मोठ्या अक्षरात लिहून आज रात्री गेटवर ठेवा, म्हणजे दुकानात गोंधळ होणार नाही.

बी-३०४: घाऊकवाल्याशी बोललो. परवा सकाळी गाडी येईल. त्याला उद्या दुपारी १२ पर्यंत एकूण आकडा हवाय. दोन्ही पाळ्यांच्या दादांचं त्यात धरलंय.

ए-२०१ काकू: आजींची यादी झाली. त्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या चारच उरल्यात. नाव फोनवर नीट कळलं नाही, मी दारातून पाकिटाचा फोटो काढून आणते. ए-५०२, उद्या औषधाच्या दुकानात आधी जा बाळा, भाजी नंतर.