सरासरी व्यासाने ड्रॅग काढणं ही फसवणूक आहे

खळ्यावरचा: जळगाव एमआयडीसीतल्या एका बॉयलरच्या फ्लुइडाइज्ड बेडचं, म्हणजे खालून हवा सोडून हलता ठेवलेल्या दाण्यांच्या थराचं, संगणकावर सिम्युलेशन करतोय. हवा दाण्याला देते तो रेटा म्हणजे ड्रॅग. सर म्हणतात, "एक सॉटर व्यास घे अन् मोकळा हो." म्हणजे आकारमान आणि पृष्ठभागाच्या गुणोत्तरावरून सगळ्या मापांचा मिळून काढलेला एकच सरासरी व्यास. मला नाही पटत. ०.२ आणि १ मिमीचे दाणे वजनाने निम्मे-निम्मे घ्या, सॉटर व्यास येतो ०.३३ मिमी. त्या मापाचा बेडमध्ये एकही दाणा नाही! सायक्लोनकडे (बाहेर जाणाऱ्या वायूतली पूड वेगळी करणारं यंत्र) उडणारी पूड आणि तळाशी बसणारी खडी, दोन्ही गणितातून गायब. अर्गन १९५२, वेन-यू १९६६, ही ड्रॅगची जुनी सूत्रं, अजून त्यांच्यावरच गाडी. २००५ मध्ये व्हॅन डर हूफ, बीट्स्ट्रा, कॉयपर्स यांनी दुरुस्ती दिली: दाण्याचा व्यास भागिले सरासरी व्यास, त्या गुणोत्तरावरून प्रत्येक मापाचा ड्रॅग वेगळा. कोडमध्ये चार ओळी. तेवढाही आळस?

भुसावळकर: खरं शे भाऊ, पन चार ओळींनी बॉयलर सुटत नाही. गणितासाठी बेडचे जे तुकडे पाडतोस, त्यातला तुझा एकेक सेल दोन-तीन सेंमीचा असेल. त्याच्या पोटात पुडीचे पुंजके होतात, हवा त्यांना वळसा घालून निघून जाते. सगळं एकसारखं पसरलंय असं धरणारं सूत्र तिथे ड्रॅग भलताच जास्त दाखवतं. आधी ती चूक निस्तर. पोत्याने मोजायच्या मालाला सोनाराचा काटा कशाला? आणि मापं तरी कुठली खरी? चाळण्या मी स्वतः हलवल्यात. नमुना जरा ओलसर असला की पूड जाड दाण्यालाच चिकटून वर राहते.

खळ्यावरचा: पुंजके पुडीचे. माझा निम्मा बेड १ मिमीचा आहे, त्याचं काय?

तापीकाठ: दोघंही उपणणी विसरलात. आजी तिवईवर उभी राहून पाटीतून बारीक धार सोडायची. ज्वारी पायाशी, भूस लांब. एकदा मी पाटी भसकन उलटी केली तर निम्मं भूस ज्वारीसोबतच खाली. वारा तोच, दाणे तेच. दाटीत जाड दाणा हलक्याला धक्के मारत सोबत नेतो, आडोसाही करतो. मापांचा हा आपसातला रेटा समीकरणात नसेल तर नुसता हवेचा ड्रॅग कितीही सुधारा, पूड आणि खडी तुमच्या संगणकात भलत्याच वेगाने वेगळी होतील.

भुसावळकर: हे मात्र पटलं. पण त्यातही टकरीचा गुणांक, म्हणजे दाणे आदळल्यावर किती उसळतात तो आकडा, अंदाजानेच भरणार ना?

खळ्यावरचा: भरेन. सरांचा एका व्यासाचा आणि माझा वेगवेगळ्या मापांचा, दोन्ही रन लावतो. सायक्लोनखाली रोज किती पूड पडते ते प्लांटच्या वहीत आहे, त्याच्याशी ताडून बघू.

भुसावळकर: वही कोण भरतं ते आधी विचार. आमच्याकडे महिनाभर रोज एकच आकडा होता.